अक्काचं चालणं

शिरूर
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. विक्रम यास,

सुतक आहे म्हणून वर श्री घातलेला नाही. तुझा फोन लागत नाही, त्यामुळे हे पाकीट चौफुल्यावरून दौंडला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे. मी शिरूर डेपोत वाहतूक नियंत्रक होतो तेव्हापासूनची त्याची ओळख आहे. तुझ्या कारखान्याच्या गेटवर गाडी थांबवून तो ते वॉचमनजवळ देईल.

तुझी अक्का परवा सकाळी गेली. शेवंतीच्या तोडणीला बायका आल्या होत्या. त्यांना वाफा दाखवायला ती बांधावर गेली आणि तिथेच पडली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. पायाचा त्याच्याशी काही संबंध नाही ना, हे मी त्यांना दोनदा विचारलं. तुझ्या मनात तो प्रश्न येईल हे मला माहीत होतं.

तुझ्या भाचीने, सारिकाने, तुझ्या घरी निरोप दिला होता. माहेरची साडी भावाकडून यायला हवी, म्हणून आम्ही थांबलो. ऊन कलायला लागलं तेव्हा पाबळहून आलेल्या तुझ्या चुलत बहिणीने, नकुशीने, स्वतःच्या पिशवीतून एक नवी साडी काढली आणि तुझं नाव घेऊन अक्काला नेसवली.

आज सावडायला नदीवर गेलो होतो. पाणी शिंपडून राख गार केली आणि हाडं वेचू लागलो. उजव्या पायाच्या जागी तो बसवलेला सांधा निघाला. वरची कांब, खालची कांब, मधली बिजागरी, सगळं जागच्या जागी. आगीने निळसर काळं पडलं होतं, पण वाकलेलं नव्हतं. आमच्या भावकीत अशा वेळी तात्याबा पुढे असतात. त्यांनी ते काठीने बाजूला सारलं.

"लोखंड हाय. हे नदीला चालत न्हाई. हाडं तेवढी घ्या."

"लोखंड नाही आजोबा, टायटॅनियम आहे," सारिका म्हणाली.

"आसंल गं बाय. हाड तर न्हाई ना?"

मी ते उचललं. खालच्या कांबेच्या डोक्याशी एक जाळीदार धातूचा शंकू आहे. ज्याच्यावरून तुझं आणि आमचं वाजलं तोच. त्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरं काहीतरी बसलेलं दिसलं. तात्याबांनी ते नखाने खरवडलं, मग विळ्याच्या टोकाने. निघेना. ते हाड होतं, विक्रम. अक्काचं हाड धातूच्या भोकाभोकांत शिरून बसलं होतं.

तात्याबा विळा हातात घेऊन उभे राहिले. "आता हे हाडांत धरू का लोखंडात?"

अस्थींचं गाडगं रिवाजाप्रमाणे बाहेर लिंबाला टांगलं आहे. तो तुकडा वेगळ्या फडक्यात बांधून शेजारच्या फांदीला ठेवला आहे. पुढच्या रविवारी सकाळी घाटावर दहावा आहे, तेव्हा अस्थी सोडायच्या. तो तुकडा अस्थींबरोबर जायचा की नाही, हे तिच्या माहेराने सांगावं असं मला वाटतं. माहेर म्हणजे तूच.

तुझा
भिमाजी


शिरूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. विक्रम,

काल परतीच्या गाडीला तुझं उत्तर नव्हतं. वॉचमनने पाकीट तुझ्या हातात दिलं आणि तू ते न उघडता शर्टाच्या आत घातलंस, असं कंडक्टरने सांगितलं. म्हणून आणखी लिहितो.

मी बोलका माणूस नाही. डेपोत आयुष्यभर माइकवर बोललो ते गाड्यांपुरतं. त्यामुळे तू त्या खोलीतून उठून गेल्यानंतरचं तुला मी कधी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही.

त्या दिवशीचं तुला आठवत असेल. पहिला सांधा बरीच वर्षं चांगला चालला. मग मधलं प्लास्टिक झिजलं, त्या चुऱ्याने आजूबाजूचं हाड खाल्लं आणि वरून जंतू शिरले. पुण्याच्या डॉक्टर ओगले बाईंनी तो सगळा सांधा काढून टाकला होता. त्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला होता, जंतू मरेपर्यंत. जंतू मेले. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी बाईंनी आपल्याला बोलावलं. अक्काला आपण चाकाच्या खुर्चीवरून नेलं होतं. टेबलावर तिच्या हाडाचा नमुना होता. स्कॅनवरून यंत्रात तयार केलेला, पांढऱ्या प्लास्टिकचा, हुबेहूब तिच्या मापाचा. त्यावर बाई आधी सराव करणार होत्या. तू तो उचललास आणि हाडाच्या पोकळीत अंगठा मुळापर्यंत घातलास.

"मॅडम, मी साखर कारखान्यात मिलचा फिटर हाय," तू म्हणालास. "बेरिंगची बैठकच खाऊन गेली तर नवं बेरिंग घालून काय उपेग? चार दिसांत हालाय लागंल."

"मिलचं बिडाचं लोखंड वाढत नाही," बाई म्हणाल्या. "हाड वाढतं. या पोकळीत मी जाळीदार धातूचा शंकू ठोकून बसवणार आहे. हाड त्याच्यात शिरलं तर सांधा टिकेल."

"आन् न्हाई शिरलं तर?"

"तर पुन्हा सैल होईल. जंतू परत आले तर पाय मांडीपासून काढावा लागेल. हमी मी देत नाही."

गुडघा कांब घालून कायमचा सरळ जाम करून टाका, पाय तरी राहील, असं तुझं म्हणणं होतं. ते चुकीचं नव्हतं. बाईंनी स्वतःच तो मार्ग आधी सांगितला होता. पण पाय अक्काचा होता. ती तुला म्हणाली,

"इकरम, ताठ पाय घिऊन एष्टीत बसू कशी रं? म्होरल्याच्या पाठीत घालू का?"

बाईसुद्धा हसल्या. तू हसला नाहीस. "मग जा, पाय तोडून घे. मला बोलवू नका," असं म्हणून तू नमुना टेबलावर आपटलास आणि गेलास. दारापर्यंत तुझ्या मागे यावं असं मला वाटलं होतं. पण खुर्ची धरायला दुसरं कोणी नव्हतं.

पुढचं आता वाच.

ऑपरेशन दिवसभर चाललं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. शंकू घट्ट बसला, एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अक्काला उभं केलं. तिने दात असे आवळले होते की मला वाटलं एखादा तुटेल. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजी, आज एवढं पुरे." अक्का म्हणाली, "तू दमलीस का? मग बस जरा."

घरी आल्यावर पायऱ्यांना पाइपचा कठडा करून घेतला. तिने तो पाडव्यापर्यंत धरला, पुढे त्याच्यावर गोधड्या वाळत घातल्या. पुढच्या दसऱ्याला ती झेंडूच्या गाडीबरोबर मार्केट यार्डात गेली. आडते ओळखीचे, एकाने बसायला पोतं टाकलं. "उभं राहायला आले हाय," ती म्हणाली, आणि लिलाव संपेपर्यंत उभी राहिली. भाव पडला होता, तरी ती हसत घरी आली. तिला असं हसताना मी लग्नात पाहिलं होतं, आणि सारिका नोकरीला लागली तेव्हा.

मग बाईंनी तिला पुण्याला डॉक्टरांच्या परिषदेत बोलावलं. मोठा हॉल, पडद्यावर तिच्या गुडघ्याचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि मग म्हणाल्या, "पेशंट इथेच आहेत." अक्का अनवाणी स्टेजवर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. एका तरुण डॉक्टरने इंग्रजीत काही विचारलं. अक्का थांबली. "मराठीत इचारा. गुडघा घोडनदीचा हाय." हॉलभर टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत होतो. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत, माझ्या हातात तिच्या चपला होत्या.

हे सगळं तू पाहायला हवं होतंस असं तिला वाटायचं. ती तसं म्हणाली नाही. पण आपण तिला ओळखतो.

तुझा
भिमाजी


पाटस
१२ तारीख

दाजी, साष्टांग दंडवत.

दोन्ही पाकिटं मिळाली. निरोप बी शुक्रवारीच मिळाला हुता. साडी घिऊन मी पाटसच्या ष्ट्यांडवर आलो हुतो. शिरूरची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. माझा पाय उचलला न्हाई. कुठल्या तोंडानं येणार हुतो? साडी घरात तशीच हाय. बायको माझ्याशी बोलत न्हाई.

तुमचं खोटं म्हणत न्हाई. पण तुमी ऑफिसातलं माणूस, म्या लोखंडातलं. आगीत सिमेंट जळून धातूला धरतं. राख बी दाबून बसती. तात्याबाला काय कळतंय? हाड हाय का काय हाय ते माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर मी मानणार न्हाई. तुकडा कंडक्टरकडं द्या. शॉपमदी भिंग हाय. बघून दुसऱ्या गाडीनं परत लावून देतो, काळजी नसावी.

ती खरंच काठीबिगर चालायची का? नकुशी सांगायची. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून सांगती.

सीझन जोरात हाय. रजेचं अवघड हाय.

विक्रम


शिरूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. विक्रम,

तुकडा पाठवणार नाही. तुझ्या बहिणीला मी पार्सल करणार नाही. बघायचा असेल तर इथे येऊन बघ.

सिमेंटचं म्हणशील तर मी ओगले बाईंना फोन केला. सिमेंट शंकूच्या आत असतं, कांब धरायला. बाहेरच्या अंगाला नसतंच, तिथे धातू आणि हाड यांच्यात काही घालत नाहीत. मी त्यांना सावडताना काय दिसलं ते सांगितलं. बाईंनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "एक्स-रेमध्ये सावली दिसते तेवढीच. जे सांधे टिकतात ते पुन्हा आमच्या हातात येत नाहीत ना. मी हे कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "काका, घट्ट होतं?" मी म्हटलं, विळ्याने निघालं नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

काठीशिवाय चालायची का, हे विचारायला तुला तीन वर्षं लागली. मी रागाने लिहीत नाही. उत्तर असं की काठी पहिल्या उन्हाळ्यातच गोठ्यात गेली. म्हैस हाकायला.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहू की नको हे ठरत नव्हतं. मागच्या वर्षी आम्ही लग्नाला दौंडला निघालो होतो. कारखान्याच्या गेटवर एक माणूस उतरायचा होता म्हणून गाडी थांबली. पाळी सुटायची वेळ होती. मी म्हटलं, चल, उतरू. तो आता बाहेर येईल. ती जागची हलली नाही.

"म्या उतरले तर म्या दाखवाया आले आसं हुईल. न्हाई. त्यानं यावं. म्या चालत जाऊन त्याला पाण्याचा तांब्या आणून दीन. तेवढंच."

गाडी सुटली. चिमणी दिसेनाशी होईपर्यंत ती खिडकीतून मागे बघत होती. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच मातीचे आहात.

रजेबद्दल मी काही म्हणत नाही. सीझन मलाही कळतो. रविवारी पहिली गाडी न्हावऱ्यावरून येते, ती घाटाच्या वेळेला पोचते. ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे की कारखान्याच्या गेटवर बघून घे.

तुझा
भिमाजी


शिरूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. विक्रम,

परवा तू आलास, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. तुझ्यापुढे मी फारसं बोललो नाही. घरात माणसं होती, आणि नसती तरी बोललो नसतो. म्हणून हे लिहितो.

तू पहिल्या गाडीने आला नाहीस. घाटावर आम्ही वाट पाहिली, मग भटजींना उशीर होऊ लागला. पिंड ठेवला. तू पायऱ्या उतरलास तेव्हा कावळा शिवून गेला होता आणि लोक हात धूत होते. तुला ते कोणीतरी सांगितलं. तू पिंडाच्या पानाकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "माझ्यासाठी बी थांबली न्हाई."

त्यावर मी नंतर विचार केला. ती रुसून गेली असं समजू नकोस. कावळा बसायला वेळ लागला तर लोक म्हणतात माणसाचं काही राहिलं आहे. हिचा लगेच शिवला. सारिका म्हणते, आईला हवं ते मिळालं होतं, तिला पाय हवा होता. मलाही तसंच वाटतं. तू यावंस असं तिला वाटायचं, पण त्यावाचून तिचं चालणं थांबलं नव्हतं.

फडकं सोडून तुकडा तुझ्या हातात दिला तेव्हा तू खिशातून भिंग काढलंस आणि लोखंडावर खुणा करायची ती आखणीची सुई. घाटाच्या पायरीवर मांडी घालून तू शंकूच्या एकेका भोकात सुई घालून बघू लागलास. भावकी भोवती उभी होती. तात्याबांना राहवलं नाही.

"आरं, अस्थी हाय ती. इंजिन न्हाई."

"इंजिन आसतं तर सुटलं आसतं, तात्याबा," तू मान वर न करता म्हणालास.

मग सुई खिशात ठेवलीस. भिंग तसंच हातात राहिलं. तू म्हणालास, "बाईनं बैठक केली. खरंच केली. म्या म्हणलं हुतं चार दिस." आणि तात्याबांना म्हणालास, "ह्यातनं अक्का येगळी निघत न्हाई. हाय तसं सोडा. सगळंच."

तात्याबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "माहेरानं सांगितलं, मग झालं," ते म्हणाले. गाडगं आणि तो तुकडा तूच पाण्यात नेलास, छातीइतक्या पाण्यात. तुकडा जड होता, लगेच खाली गेला. तू आणलेली साडी सारिकाला दिलीस, ते बरं केलंस. ती तिने कपाटात ठेवली नाही. वर्षश्राद्धाला नेसणार म्हणते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ओल्या कपड्यांनी तू माझ्याजवळ येऊन बसलास आणि विचारलंस, "दाजी, चालायची कशी ती?"

चालणं सांगून कळत नाही. मोबाईलवर तिचा चालतानाचा फोटोही नाही. फोटोत सगळीकडे ती बसलेली, नाहीतर पाठमोरी. म्हणून मी उठलो. टोपी काढून सारिकाकडे दिली. घाटाचा खालचा सपाट दगड आहे, त्याच्यावर मी तिच्यासारखा चाललो. उजवा पाय कमरेतून किंचित बाहेर घेऊन पुढे टाकायचा. टाच टेकली की क्षणभर थांबायचं, आतली बिजागरी सरळ झाल्याची खात्री करायची, मग त्याच्यावर भार द्यायचा. डाव्या हाताने निऱ्या जरा उचललेल्या. मान ताठ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि वळून परत आलो. माणसं बघत होती. एरवी चार माणसांत मी मोठ्याने शिंकतही नाही. पण लाज वाटली नाही. सारिकाने तोंडाला पदर लावला. तात्याबा म्हणाले, "आशीच. आगदी आशीच." आणि तू पायरीवरून उठेनास, तेव्हा नकुशीने आणि मी मिळून तुला उठवलं.

ते तसंच राहिलं असतं. पण काल सकाळी मी बांधाकडे जात होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी तुला चुकीचं दाखवलं.

टाच टेकल्यावर थांबायचं, ते पहिल्या वर्षीचं. तेव्हा मी तिच्या अगदी शेजारून चालायचो, हात पुढे धरून, म्हणून ते चालणं माझ्या अंगात बसलं आहे. नंतर तो थांबा गेला. कधी गेला ते मला सांगता येणार नाही, बहुतेक हाड धरत गेलं तसतसा गेला असेल. पाय बाहेर टाकायचीही सवय गेली. मागच्या वर्षभरात ती माझ्या पुढे असायची. बांधावरून जाताना मी हाक मारायचो, अगं जरा सावकाश, आणि ती मागे न बघता म्हणायची, "तुमी या की सावकाश."

ते चालणं मला करून दाखवता येत नाही. मी घरात कोणी नसताना प्रयत्न करून पाहिला, माझा गुडघा दुखतो. तेव्हा परवाचं डोळ्यांपुढून पुसून टाक. तात्याबा अगदी अशीच म्हणाले ते खरं धरू नकोस. ती त्याहून पुष्कळ चांगली चालायची.

तुझा
भिमाजी